लेकीची रात्रपाळी

रात्रीचे दहा वाजले की बंगळुरूच्या इंदिरानगरचा शंभर फुटी रस्ता ऐन भरात येतो. हॉटेलांबाहेर रांगा, रिक्षांची खेचाखेच, आणि त्यातून वाट काढत माझी लेक स्कूटरवरून विमानपुऱ्याकडे कामाला निघते. तिच्या बाबांच्या एचएएलच्या विमान कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याहून इथे आलो, तेव्हा या रस्त्यावर दिवेलागणीनंतर चिटपाखरू नसायचं. आता ती एकटी जाते आणि मी निर्धास्त झोपते, हे मला आजही मोठं वाटतं.

ती उपग्रहांची चाचणी घेते. एका प्रचंड कक्षातली हवा काढून घेतात, भिंतींतून द्रवरूप नायट्रोजन फिरवून अवकाशातला गारठा आणतात, मग उपग्रह तापवतात, पुन्हा गोठवतात. हे चक्र दिवसरात्र चालतं, म्हणून पाळ्या. कामाच्या जागी धुळीचा कण चालत नाही. डोक्याला टोपी, अंगात डगला, मनगटाला स्थिर वीज उतरवणारी पट्टी. निघताना ती गजरा काढून फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी आंघोळ करून तोच पुन्हा माळते.

एकदा शेकडो नोंदींत एकाच जागेचं तापमान किंचित वेगळं येत होतं. मर्यादेच्या आतच होतं. कुणी हटकलं नसतं. ही मात्र अडून बसली. मला म्हणाली, "आई, आकडा बरोबर असेलही गं, पण तो का आला ते मला सांगता यायला हवं." शेवटी सापडलं ते इतकंच की सेन्सरवरची चिकटपट्टी एका कोपऱ्यात सुटली होती. पण मला भरून आलं ते पुढचं ऐकून. अहवालात तिने पहिलं नाव घातलं ते एका शिकाऊ मुलीचं, कारण फरक आधी तिच्या नजरेला पडला होता. लेकीला मिळालेली मानपत्रं मी जपून ठेवली आहेत, पण तिची खरी थोरवी मला या एका नावात दिसते.

तिच्या टेबलावर 'लीलावतीज डॉटर्स' हे जाडजूड पुस्तक असतं. भारतातल्या शंभरेक वैज्ञानिक स्त्रियांच्या कहाण्या त्यात आहेत. 2008 साली रोहिणी गोडबोले यांनी राम रामस्वामींबरोबर ते संपादित केलं. रोहिणीताई पुण्याच्या, हुजूरपागा शाळेच्या. अमेरिकेत पीएचडी करून 1979 मध्ये परतल्या, 1995 पासून इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत मूलकणांच्या भौतिकशास्त्रात रमल्या आणि विज्ञानातल्या मुलींसाठी आयुष्यभर झटल्या. 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. 2024 च्या ऑक्टोबरात त्या गेल्या, तेव्हा लेक पाळीवरून येऊन ते पुस्तक उघडून किती तरी वेळ बसली होती.

पुस्तकाला नाव लीलावतीचं, हे मला फार आवडतं. भास्कराचार्यांनी 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ 1150 साली लिहिला. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तसा शिलालेखच आहे. लीलावती त्यांची मुलगी, असं परंपरा सांगते. घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त हुकल्याची कथा पुढे अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फारसी भाषांतरातून आली. ती कथा मला नको आहे. ग्रंथात गुरू लीलावतीला हाक मारून अवघड गणितं घालतो आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षा धरतो. बापाने लेकीचा याहून मोठा गौरव काय करायचा?

आपल्याकडे कर्तबगार मुलीचं कौतुक तिच्या पगारावर नाहीतर परदेशवारीवर येऊन थांबतं. तुमच्या घरी अशी लेक असेल तर ती कामावरून आल्यावर "जेवलीस का?" नंतर एवढं आणखी विचारा, "आज कुठे अडलं?" आणि ती सांगू लागली की, कळो न कळो, शेवटपर्यंत ऐका.