आधी मांड, मग लगाम

लहान मुलाला पहिल्यांदा घोडीवर बसवतो तेव्हा मी त्याच्या हाती लगाम देत नाही. आईबापांना हे खटकतं. पण घाबरलेलं पोर हाताला लागेल ते घट्ट धरतं, आणि हातात लगाम असला तर सगळा भार त्यालाच लटकतो. लगामाची लोखंडी कडी घोडीच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर टेकलेली असते. तिथे हिसका बसला की घोडी मान झटकते, मान झटकली की पोर आणखी ओढतं. मग दोघंही बिथरतात. म्हणून आधी हात मोकळे. घोडी लांब दोरावर माझ्याभोवती गोल फिरते, पोर वर बसून हात पसरतं, कान धरतं, वळून शेपटीकडे बघतं. मांड बसली की मग लगाम, तोही दोन बोटांत.

आमच्या दोंडाईच्याला घोड्याचं नवल नाही. शहाद्याच्या रस्त्याने तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला म्हणून गाव कागदोपत्री आमच्या धुळ्यातून गेलं, पण बाजाराला येणारा माणूस आजही रेल्वेने आला तर दोंडाईच्यालाच उतरतो. राजस्थान, गुजरात, पंजाबातून जनावरं येतात. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा. जाणते लोक शुभ लक्षण म्हणून पंचकल्याणी शोधतात, देवमण बघतात, अंगावरचे भोवरे तपासतात. त्या जाणतेपणाचा मला आदर आहे. पण लहान मुलासाठी घोडी बघायला कुणी सोबत नेलं तर मी भोवऱ्यांच्या नादी लागत नाही, दात बघतो. पाच वर्षांत घोड्याचे पुढचे सगळे पक्के दात येतात. मला त्याच्याही बरीच पुढे गेलेली, दहा-बारा वर्षांची शांत घोडी हवी असते. मग कुणाला तरी तिच्या मागे पत्र्याचा डबा वाजवायला सांगतो आणि मी कानांकडे बघत राहतो. मारवाडीचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे. आवाज आला की जी एक कान तिकडे फिरवते आणि पुन्हा कडबा चघळायला लागते, ती पोरांची घोडी.

यंदा रिंगणात मी तेलाची तीन रिकामी पिंपं त्रिकोणात मांडली. अमेरिकेत रोडिओच्या खेळांत अशी शर्यत असते. भरधाव येऊन तिन्ही पिंपांना वळसे घालायचे आणि परत सुटायचं. एक पिंप पडलं तर पाच सेकंद दंड. तिथे चार ते सात वर्षांच्या पोरांना मेंढीच्या पाठीवरही बसवतात. मेंढी उधळते, पोर लोकरीला चिकटून राहतं, सहा सेकंद टिकलं की टाळ्या. ते मला पटत नाही. त्यात पोर फक्त चिकटायला शिकतं, आणि भेदरलेल्या जनावराकडून कुणी काही शिकू नये. पिंपांचा खेळ मात्र मी घेतला, वेग सोडून.

शिकायला आलेली एक पोर सहा वर्षांची. आजोबा घेऊन आले होते. हेल्मेट घातलं, टाचेचे बूट बघितले. टाच नसली तर पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडलेलं पोर घोडीमागे फरफटतं. बाकी कशापेक्षा मला भीती त्याची वाटते. तंग आवळताना तिने वरून मला विचारलं, "आबा, मी पडसू का?"

"पडशी ते पडशी. मी आठेच शे."

खोटं कशाला सांगायचं? पडणार नाहीस म्हणालो आणि पडली, तर पुढे माझं काहीच खरं मानणार नाही.

पहिल्या पिंपाशी घोडी सरळ चालत गेली आणि पत्र्याला नाक लावून थांबली. पोर पिंपाकडेच टक लावून बघत होती, घोडीने तेच ऐकलं. मी म्हणालो, "हे पिंप सोड, त्या तिकडच्या पिंपाकडे बघ." तिने मान वळवली. मानेबरोबर खांदा वळला, खांद्याबरोबर कमरेचा भार एका अंगाला गेला, आणि तिच्या मांडीखाली घोडी वळायला लागली. लगाम कुणीच हलवला नव्हता. पोरीने चमकून माझ्याकडे बघितलं, तर घोडी माझ्याकडे आली! तिसऱ्या पिंपाला तिचा गुडघा लागून ते दणकन आडवं झालं. घोडीने एक कान फिरवला, बस्स. पोर खदखदून हसली. तिच्या मुठीत आवळलेले खोगीराचे बंद तेव्हा सुटले.

आजोबांना तिला लवकरच शर्यतीत उतरवायचं आहे. मी म्हणतो, आधी रेवाल चाल. त्या चालीत घोडीची पाठ वरखाली होत नाही. चांगल्या स्वाराच्या हातातला भरलेला पेला हिंदकळत नाही. सारंगखेड्याला रेवाल बघायलाही गर्दी होते. लोक घोड्याचं कौतुक करतात, पण अर्धी चाल स्वाराच्या कमरेत असते. त्याने जरा घाई केली की घोडा चाल मोडतो आणि दौडायला लागतो. एवढा धीर अंगात मुरला की वेग कधीही वाढवता येतो. आधी वेगाची चटक लागली तर धीर शिकवणं फार अवघड. मोठ्या पोरांना शिकवताना मी ते भोगतो आहे.

आजोबांना हे अजून पटलेलं नाही. त्यांनी शर्यतीचा हट्ट धरला तर माझी घोडी मिळणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.