दुसरी राणीची बाग

मैत्रिणींनो, सहलीला गेल्यावर पिशव्या सांभाळत बाकावर कोण बसतं, सांगा बरं? आमच्याकडे तरी मीच! महाबळेश्वर असो की वेरूळ, "तू बस इथे, आम्ही आलोच," म्हणून मंडळी पसार. २०२३ साली मुलाकडे अमेरिकेला गेले होते. मे महिन्यात सगळे यूटा राज्यातलं ब्राइस कॅन्यन पाहायला निघालो, तेव्हाही तिखटमिठाच्या पुऱ्यांची पिशवी आणि माझा बाक मी गृहीतच धरला होता.

सॉल्ट लेक सिटीहून चार-साडेचार तासांचा रस्ता. मोटारीतून उतरून कड्यापाशी गेले आणि 'अगं बाई!' एवढंच तोंडातून निघालं. खाली नारिंगी, गुलाबी, पांढरे दगडी सुळके, एक-दोन नव्हे, हजारो! लग्नाला वऱ्हाड उभं राहावं तसे दाटीवाटीनं. तिथले मूळचे पायूट लोक म्हणतात, ही पूर्वी माणसंच होती. वाईट वागली म्हणून कायोटीनं, म्हणजे त्यांच्या कथांतल्या मायावी कोल्ह्यानं, त्यांचे दगड केले. आपल्या माहुली किल्ल्यावर नाहीत का नवरा, नवरी आणि भटजी?

मुलानं शास्त्र सांगितलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळाचा हा चुनखडक. लाली आली ती त्यातल्या लोखंडाच्या गंजानं. जागा आठ हजार फुटांवर, त्यामुळे वर्षातले दीडशेहून अधिक दिवस असे, की दिवसा फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, फुगतं आणि खडक फोडतं. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली बाटली तडकते ना, तस्सं!

मग तो कॅमेरा घेऊन पुढे पळाला. ह्यांनी मला बाक दाखवला. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "आई, येता माझ्याबरोबर खाली? क्वीन्स गार्डनची वाट त्यातल्या त्यात सोपी आहे."

लपवत नाही, आम्हां दोघींचं महिनाभर फारसं बरं चाललेलं नव्हतं. चहाच्या वेळी मी 'गोड बातमी कधी?' विचारायची आणि ती कप उचलून आत जायची. मला वाटे, काय हा शिष्टपणा! पण त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, पिशवी ह्यांच्या मांडीवर ठेवली आणि निघाले.

सव्वातीनशे फुटांचा उतार. गुडघा कुरकुरत होता, पण तिनं हात सोडला नाही. खाली एका सुळक्याच्या माथ्यावर थेट व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यासारखा दगड! म्हणून ती राणीची बाग. मी म्हटलं, "अगं, मुंबईची राणीची बागसुद्धा हिच्याच नावाची होती! तिथं तुझा नवरा हत्ती बघून असा भोकाड पसरून रडला होता!" ती हसली. आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"आई, जानेवारीत मला दिवस गेले होते. मार्चमध्ये सगळं संपलं. तुम्हांला काळजी नको म्हणून कळवलं नाही."

तुम्ही काय म्हणाला असता हो? मला माझे चहाच्या वेळचे शब्द एकेक आठवायला लागले. १९८६ साली माझंही असंच झालं होतं. तिसऱ्या दिवशी मी पाणी भरायला उभी होते. हे मी ह्यांच्यापाशीसुद्धा कधी बोलले नव्हते. ते तिथं, दगडावर बसून, तिला सांगितलं. "मला माफ कर," असंही म्हटलं. सुनेला असं म्हणायची सवय नाही आपल्याला, जीभ अडखळलीच.

चढताना दर वीस पावलांवर मला धाप लागायची. ती न सांगता थांबायची.

वर आलो तर हे बाकावर, पिशवी उघडी, पुऱ्या अर्ध्या फस्त. "एवढा वेळ काय करत होतात दोघी?"

"राणीची बाग बघत होतो," सूनबाई म्हणाली, आणि उरलेल्यातली पहिली पुरी तिनं माझ्या हातावर ठेवली.