इंजिन काढून मोटर

मळ्यातल्या विहिरीवर इंजिन होतं तोवर आमचं पाणी चालू आहे हे साऱ्या वस्तीला ऐकू यायचं. सायलेन्सरच्या तोंडावरचं डब्याचं झाकण धुराच्या प्रत्येक फेकीला उडायचं, टुक टुक टुक, आणि सीना नदीच्या पलीकडून दुसरं इंजिन त्याला जाब द्यायचं. ते सुरू करायला दोन माणसं लागत. आजोबा हँडल फिरवायचे. चाकानं वेग धरला की ‘सोड’ म्हणून ओरडायचे आणि मी वरची कळ पाडायचो. अंगाला, कपड्यांना, कधी भाकरीलासुद्धा डिझेलचा वास.

मग वीज आली. मेस्त्रीनं इंजिन उतरवलं आणि त्याच सिमेंटच्या ओट्यावर मोटर ठेवली. बोल्टांची भोकं काही जुळेनात. त्यानं मधे एक लोखंडी प्लेट टाकली, तिला नवी भोकं पाडली आणि दिवेलागणीला पाणी पाटाला लागलं. आवाज नाहीच. पाणी खरंच चाललंय का, हे बघायला आजी पाटापर्यंत गेली आणि हात बुडवून परत आली.

ही प्लेट मला परवाच्या डिसेंबरात सोलापूरच्या मार्केट यार्डात आठवली. कांदा उतरवून एक पिकअपवाला टायरला टेकून बसला होता. गाडी चौदा वर्षांची. हौद्याला दोनदा वेल्डिंग झालेलं, पण चेसी सरळ, पाटे शाबूत. इंजिन मात्र ऑइल खात होतं आणि चढाला काळा धूर सोडत होतं. इंजिनकाम करायचं की गाडी भंगारात घालायची, या विचारात तो होता. बोलता बोलता म्हणाला, “काढून मोटर बसंल का ओ हिला? हिरीवर बसली की.”

मला हा प्रश्न फार शहाणा वाटला. आमच्याकडं मोटर म्हटलं की आधी विहीर डोळ्यांपुढं येते, गाडी नंतर. विहिरीवर आधी बैलांची मोट होती, मग इंजिन आलं, मग मोटर. दर वेळी ओढणारं बदललं. विहीर, पाट आणि पाट धरणारा माणूस तोच राहिला. सोलापूरच्या मागाचंही तेच. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली ती वाफेच्या जमान्यात. त्या काळच्या गिरण्यांत एक इंजिन छताखालचा लांब दांडा फिरवायचं आणि दांड्यावरून उतरलेले पट्टे ओळीनं माग चालवायचे. आज साखर पेठेतल्या अरुंद गल्लीत एकेका मागाला आपली स्वतःची छोटी मोटर आहे. ज्या शहरानं पाणी आणि कापड विजेवर घेतलं, त्याला माल वाहणारी गाडी विजेवर घेणं परकं का वाटावं?

गाडीला मोटर बसवण्याचं काम तत्त्वानं विहिरीवरच्यासारखंच आहे. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, डिझेलची टाकी निघते. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधे तशीच एक प्लेट येते. बॅटरी चेसीला धरून खाली बसते. डिझेल जाळून मिळालेल्या उष्णतेतला निम्म्याहून जास्त भाग धुरातून आणि रेडिएटरमधून वाया जातो. मोटर घेतलेल्या विजेतला बहुतेक भाग चाकाला देते. आणि मोटरचा जोर उभ्या जागेवरून मिळतो, भरल्या गाडीला हलवताना क्लच जाळावा लागत नाही. यार्डातल्या चिखलातून गाडी काढणाऱ्याला याचं मोल सांगायला नको.

गाडीचं इंधन बदलणं आपल्याला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं तेव्हा लोणारी कोळशाच्या गॅसवर मोटारी धावल्या, मागं भट्टी बांधून. १९९३ साली काठमांडूत डिझेलच्या एका विक्रम टेम्पोचं इंजिन काढून त्याला विजेवर चालवून बघितलं गेलं. त्यातूनच तिथले पांढरे सफा टेम्पो आले आणि त्यांतले कितीतरी बायका चालवतात.  आपल्याकडचा छोटा हत्ती टेम्पोसुद्धा २००५ साली डिझेलवर आला आणि २०२२ साली कारखान्यातूनच विजेवरचा निघाला.

पण ज्याची जुनी गाडी धड आहे त्यानं नवी का घ्यावी? तिच्या पोलादाला एकदा कोळसा जाळून झालेला आहे. तो पुन्हा जाळायचा नाही, म्हणून तरी मोटर बसवण्याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

अडचणी खऱ्या आहेत. मोटर-बॅटरीच्या किटचा खर्च लाखांत जातो आणि पिकअपवाल्याचे हप्ते आधीच चालू असतात. बॅटरीचं वजन मालाच्या वजनातून वजा होतं. पुण्याचं भाडं एका चार्जिंगवर जमणं कठीण. अक्कलकोटला जाऊन-येऊन ८० किलोमीटर मात्र जमावं. आणि वीज येते कुठून? इथून जवळच फताटेवाडीला १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र कोळसा जाळतं. धूर गल्लीतून उठून तिकडं जाईल, एवढंच आज खात्रीनं म्हणता येतं. पण गल्लीत श्वास घेणाऱ्या हमालाला तेवढंही पुष्कळ आहे. शिवाय आमच्याइतकं ऊन दुसऱ्या कुणाकडं आहे? विहिरीवर सौर पंप बसतोच आहे.

एका बाबतीत मात्र माझं मत कडक आहे. हे काम कुठल्याही टपरीवर होऊ नये. विहिरीवरची मोटर जळली तर वास येतो. चालत्या गाडीखालची बॅटरी पेटली तर माणूस जातो. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासून मंजूर केलेलं हवं, ते बसवणारा अधिकृत हवा, आणि मग आरटीओनं आरसीवरचं इंधन बदलून द्यावं. मी त्या पिकअपवाल्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, खिशातून आरसी काढून इंधनाच्या रकान्यावर अंगठा फिरवला आणि खर्चाचा आकडा पुन्हा एकदा विचारला.

तो अजून यार्डात येतो. त्यानं उसने पैसे घेऊन इंजिनकाम केलं. आरसीवर डिझेलच आहे.