अर्धा घंटा चालू राहू द्या न जी

अकोल्याचा मे ज्यांनी काढलाय त्यांना आकडे सांगायची गरज नाही. तरी सांगतो. मे २०२० मध्ये तिथं ४७.४ अंश नोंदले गेले. २०२४ च्या मे अखेरीस तर जिल्हा प्रशासनानं उन्हापायी कलम १४४ लावलं. खासगी शिकवण्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बंद, कामगारांसाठी पाणी-पंखे सक्तीचे.

मी अमरावतीत बसून अकोल्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर सांभाळतो. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, एकच एसी. ॲशरे नावाची अमेरिकन संस्था सांगते, सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश असावी. आमच्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा कधी कधी त्याच्या वर असतो.

सगळे प्रोसेसरचं तापमान बघत बसतात. मला त्याची फार काळजी नाही. शंभरच्या आसपास गेला की तो स्वतःच वेग कमी करतो, त्याहून तापला तर बंद पडतो. मी बघतो ती आत शिरणारी हवा, कारण खरा घोळ लाइट गेल्यावर होतो. यूपीएसवर सर्व्हर चालू राहतो, एसी मात्र यूपीएसवर नसतो. बॅटरी चाळीस मिनिटं पुरते, खोली वीस मिनिटांतच भट्टी होते.

१९ जुलै २०२२ ला ब्रिटननं पहिल्यांदा ४० अंश ओलांडले, तेव्हा लंडनच्या गाइज अँड सेंट थॉमस रुग्णालयांची दोन्ही डेटा सेंटरं बसली आणि डॉक्टर कागदावर आले. चाळीस! आपल्याकडे चाळीसला लोक वरातीत नाचतात.

माझी स्क्रिप्ट दर मिनिटाला सेन्सर वाचते. सलग तीन वेळा ३५ च्या वर दिसलं की मेसेज. ४० ला नवीन नोंदी थांबतात, डेटाबेस नीट मिटतो, मग मशीन बंद. लाइट आली की आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमधून काढून टाकलीय, नाहीतर तापलेल्या खोलीत तो उठतो, पुन्हा पडतो, पुन्हा उठतो.

लॅबमधल्या टेक्निशियन ताईंचा फोन ठरलेला. "दादा, दुपारचे सॅम्पल लागून हायेत. अर्धा घंटा चालू राहू द्या न जी."

शटडाउन थांबवायचं बटण मला देता आलं असतं. दिलं नाही. रोज दुपारी कुणाचा ना कुणाचा रिपोर्ट अर्जंट असतोच, त्यामुळे ते बटण रोज दाबलं गेलं असतं, आणि एके दिवशी सगळ्यांचेच रिपोर्ट डिस्कसोबत गेले असते. पण ताईंचं म्हणणंही खोटं नव्हतं. त्या अर्ध्या तासात कुणाचं तरी प्लेटलेट काउंट अडकलेलं असतं. म्हणून ॲनालायझरशेजारी छापील फॉर्मचं पॅड ठेवलं. मशीनच्या प्रिंटवरून आकडे हातानं उतरवायचे, डॉक्टरांना फोन करायचा, संध्याकाळी एंट्री मारायची.

ॲनालायझरच्या मॅन्युअलमध्येही खोलीच्या तापमानाची मर्यादा लिहिलेली आहे. ताईंची कुठंच लिहिलेली नाही. आता ३५ चा मेसेज लॅबच्या मालकांनाही जातो, त्यात एक ओळ जास्तीची: एसी बंद आहे, ताईंना खाली बसवा.

गेल्या मेमध्ये तो मेसेज अकरा वेळा गेला. नऊ वेळा त्या खाली आल्या. दोनदा, म्हणे, गर्दी होती.