शिकागोजवळची रुई

आमच्या दांडिया बाजारातल्या घरून दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ जायची. पानं तोडून आणायचं काम माझं. गल्लीतले गुजराती मित्र त्याच झाडाला आकडो म्हणायचे. "चिकाचा हात डोळ्याला लावू नकोस," हे आईचं वाक्य दर वेळी ठरलेलं. हे सगळं मला आठवलं ते थेट शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये.

कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं म्हणून गेलो आणि चार राहिलो. भाड्याच्या घरामागे बारा फूट बाय चार फुटांची चिकण मातीची पट्टी होती. तिथे काय लावायचं ते सुचलं शेजारच्या लाइल गावी.

तिथल्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये शूलेनबर्ग प्रेअरी नावाचा गवताळ भाग आहे. ऑगस्टमध्ये गेलात तर गवत तुमच्या डोक्यावरून जातं. मधूनमधून पिवळी, जांभळी फुलं आणि सगळीकडे गुणगुण. मला वाटलं, हे मूळचंच रान. पण नाही. १९६२ पासून रे शूलेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या शेतजमिनीवर ते रोप रोप लावून उभं केलं आहे. इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३७ मध्ये जॉन डीअरने याच राज्यात पोलादी नांगर घडवला. त्या नांगराला चिकट माती धरून राहत नसे, त्यामुळे पुढे जवळपास सगळी प्रेअरी शेतीखाली गेली. चांगल्या स्थितीतली मूळ प्रेअरी आज जेमतेम अडीच हजार एकर उरली आहे.

आमच्या पट्टीसाठी मी स्वॅम्प मिल्कवीड निवडलं. ते तिथलंच रानफूल, चिकण ओल्या मातीत खूश. शिवाय मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडखेरीज काहीच खात नाहीत.

पहिल्या वर्षी घाई केली. मे महिन्यात दुकानातून तयार रोपं आणली. जुलैत काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सात अळ्या दिसल्या. माझी सहा वर्षांची मुलगी रोज सकाळी त्या मोजायची. चौथ्या दिवशी सातही मातीत पडलेल्या होत्या. शेजारच्या आजींनी विचारलं, "रोपांवर औषध मारलेलं नव्हतं ना?" कुंडीवरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं. मुलगी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

ती रोपं काढून टाकली आणि बियांपासून सुरुवात केली. या बियांना थंडी भोगल्याशिवाय जाग येत नाही. म्हणून ओल्या कागदात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्या. "इडलीच्या पिठाशेजारी हे नको," असं बायकोने बजावलं होतं. पहिल्या वर्षी नुसती पानं आली. दुसऱ्या जुलैत गुलाबी फुलांचे झुबके आले आणि त्यांच्यामागून भुंगे, मधमाश्या. एका पानाखाली टाचणीच्या डोक्याएवढं पांढुरकं अंडं सापडलं. चार दिवसांनी अळी निघाली. तिने पान कुरतडलं तशी कडेला चिकाची पांढरी रेघ उमटली.

व्हिडिओ कॉलवर आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही तर आपल्या रुईचीच कुणीतरी!" अगदी बरोबर. दोन्ही एकाच कुळातल्या. शरद ऋतूत शेंगा उकलल्या आणि रुईसारख्याच म्हाताऱ्या अंगणभर उडाल्या.

सप्टेंबरात आमचा मोनार्क कोशातून बाहेर आला, पंख वाळवले आणि गेला. त्या सुमाराची पिढी मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढते. हजारो किलोमीटरचा तो पल्ला, आणि जागा त्यांनी कधी पाहिलेली नसते. वसंतात ती उत्तरेकडे निघतात, पण वाटेतच अंडी घालून संपतात. इलिनॉयला पोचतात ती त्यांची मुलं-नातवंडं. मुलीने विचारलं, "मग त्यांना घर कसं कळतं?" मला उत्तर देता आलं नाही. गायकवाडांच्या काळात बडोद्याला आलेल्या आपल्या घराण्यांचा विचार मात्र मनात आला. आपल्यालाही कुणीतरी आधी जागा करून ठेवली होती.

निघताना ती पट्टी शेजारच्या आजींच्या हवाली केली. वाळलेले दांडे हिवाळ्यात कापायचे नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पोकळ दांड्यांत तिथल्या लहान रानमाश्या घर करतात.

आता आम्ही बडोद्यात आहोत. सोसायटीच्या भिंतीलगत रुईचं एक झाड आहे. साफसफाईत ते उपटायचं ठरलं होतं, मी विनंती करून थांबवलं. रुईवर आपल्याकडचं प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं, ते मोनार्कचं जवळचं नातलग. तुमच्या आसपास रुई असेल तर राहू द्या आणि मुलांना पान उलटून पाहायला शिकवा. फक्त चिकाचा हात डोळ्याला लावू देऊ नका.