गालिच्यातील बाग

जयपूरला जाणारा प्रवासी हवामहाल पाहतो, जंतर-मंतर पाहतो. सोबत प्राथमिक शाळेत जाणारी मुले असतील, तर त्याने रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉलही अवश्य पाहावा. १८८७ साली खुल्या झालेल्या या संग्रहालयात सुमारे २८ फूट लांबीचा एक इराणी गालिचा आहे. त्याला जोडलेल्या जुन्या चिठ्ठीवर १६३२ सालची नोंद आढळली. त्यात एक अख्खी बाग विणली आहे: मध्ये मंडप, चहूकडे पाण्याचे पाट, पाटांत मासे आणि काठाने वृक्षांच्या रांगा.

मुलांना तेथे इराणचा इतिहास सांगत बसू नये. गालिचा डोळे भरून पाहू द्यावा. मग बाहेर झाडाच्या सावलीत कागद आणि रंगीत खडू देऊन तीच बाग आठवून काढावयास सांगावे. पाट आखल्यावाचून झाड कोठे लावावे हे ठरत नाही, ही गोष्ट तेव्हा हातालाच उमगते. कोरड्या मुलखात बागेचा आरंभ पाण्यापासून होतो, हे मग पाठ करावे लागत नाही.

नंतर आमेरचा किल्ला गाठावा. सुखनिवासासमोर पाटांनी विभागलेली तशीच बाग आहे. दालनातून वाहणारे पाणी तिच्याकडे नेण्याची योजनाही दिसते. मुलांनी आपले चित्र उघडून ते तिच्याशी ताडून पाहावे. पाण्याचे मोल इराणला ठाऊक, तसेच राजस्थानलाही! दूरचा देश आपला कसा होतो, याचे उत्तर त्यांना स्वतःच्या हातातील कागदावरच सापडेल.