चौकटीचा आकडा

मोठ्या आकड्यास मोठा मान द्यावा, ही शिकवण आम्हा प्राध्यापकांच्या अंगी इतकी मुरलेली असते की, जेथे आठ हा बारापेक्षा मोठा ठरतो अशा शास्त्राशी गाठ पडली म्हणजे आमची क्षणभर त्रेधा उडते. बंदुकीचे शास्त्र असे आहे. नळीत नेमकी बसेल अशा मापाच्या गोळ्या एक पौंड शिशातून बारा निघाल्या, तर ती नळी बारा बोरची. आठच निघाल्या, तर आठ बोरची. गोळ्या थोड्या म्हणून गोळी मोठी! बारा बोरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, दहाचा १९.७ आणि आठाचा २१.२.

हा उलटा न्याय अंगवळणी पडतो न पडतो तोच अमेरिकेतील मेरिडन येथील पार्कर बंधूंची जुनी दुनळी बंदूक आमच्यापुढे दुसरे कोडे टाकते. चार्ल्स पार्कर यांनी १८३२ साली कॉफी दळण्याची यंत्रे करण्यास आरंभ केला. बंदुका पुढे आल्या, आणि १९३४ साली तो धंदा रेमिंग्टन कंपनीकडे गेला. नळ्यांमागील जी धातूची चौकट बाराचा जोर सोसते, तिला या कारखान्याने स्वतंत्र आकडे दिले. येथे मात्र आकडा वाढेल तशी चौकट वाढते. एक आणि दोन यांच्यामध्ये दीड आहे. शून्याहून लहान चौकटीस दोन शून्ये आणि तिच्याहूनही लहान चौकटीस तीन! आठ बोरच्या अवजड बंदुका सहा-सातापर्यंत चढतात. हा आकडा नळ्यांच्या पोटाखालील खुंट्यावर ठोकलेला असतो.

मौज ही की, बोर तोच असूनही चौकट निराळी असू शकते. बारा बोरची बंदूक एक आकड्याच्या चौकटीवर आढळते, तशी दोनाच्याही. काडतूस तेच, परंतु जड बंदूक खांद्यास कमी हिसका देते आणि हलकी बंदूक दिवसभराच्या पायपिटीत सोबत करते. अध्यापनाच्या काळात आम्ही थोर बुद्धीचे विद्यार्थी पुष्कळ पाहिले. कित्येकांची नळी आठ बोरची आणि चौकट शून्याची. पहिल्याच प्रतिकूल शब्दाने ते असे हादरत की पुन्हा लेखणी उचलीत ना. म्हणून बुद्धीपेक्षा स्वभावाची चौकट भक्कम करावी, असे आम्ही सांगत आलो.

परंतु ही उपमा फार ताणता येत नाही. मोठ्या बोरच्या बंदुकांनी बाजारासाठी बदके मारणारे व्यावसायिक शिकारी अमेरिकेत होते. तेथील प्रवासी कबुतरांचे आभाळ झाकणारे थवे बंदुकांनी आणि जाळ्यांनी नाहीसे केले. त्या जातीचे अखेरचे पाखरू १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीस दहाहून मोठा बोर चालणार नाही, असा निर्बंध १९१८ साली आला. तेव्हा त्या आठ बोरच्या बंदुकांच्या चौकटींत काडीचा दोष नव्हता. नळी कोठे रोखली आहे, हे चौकट विचारीत नाही. ती केवळ सोसते.

सोसण्याचे बळ आम्ही शिकवू शकतो. नेम कशावर धरावा, हे शिकविणे त्याहून कठीण; आणि त्या विषयास कोणत्याही परीक्षेत आकडा दिला जात नाही.